काजळीवरचे प्लॅटिनम

पालघरहून आमच्या एका वयोवृद्ध वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची नात रसायनशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली असून तिला आता एका प्रयोगशाळेत संशोधन करण्याची संधी मिळत आहे. विषय कोणता, असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारता तिने सांगितले की, काजळीवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण बसवावयाचे आणि त्यांच्या साह्याने मिथेनॉलपासून वीज काढावयाची. यावर तिच्या आजीबाई म्हणाल्या, "काजळ आम्हीही धरीत होतो, त्याला पाच वर्षे कशाला लागतात?" पत्रलेखकांची शंका याहून गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यात तारापूरला अणूची वीज निघते; असे असता वाटीएवढ्या घटातून दिवा लावण्याचा खटाटोप कोणाच्या उपयोगाचा, आणि मुलीने आपली उमेदीची वर्षे त्यात घालावीत काय? शिवाय मिथेनॉल हे विष आहे, हे ते जाणून आहेत. बोईसरच्या कारखान्यांत ज्याची पिंपेच्या पिंपे उतरतात, त्या द्रवाच्या संगतीत घरच्या मुलीने राहावे काय?

प्रश्न तिन्ही रास्त आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज अशी मुलेमुली आहेत की ज्यांच्या विद्येचे नावसुद्धा आजोबांस उच्चारता येत नाही, आणि मग जेवणाच्या पंक्तीवर त्या विद्येविषयी एक तर आंधळे कौतुक होते, नाही तर थट्टा. दोहोंपेक्षा समजून घेणे बरे, म्हणून या महिन्याचे पान आम्ही या एकाच विषयास दिले आहे.

प्रथम तारापूरचे पाहू. तेथील मूळच्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या; भारतातील अणुविजेचे ते पहिले केंद्र. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या तेथे उभ्या राहिल्या, व त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांनी आपली जागा सोडली. एवढ्या प्रचंड विजेपुढे इंधनघटाची वीज म्हणजे समुद्रापुढे पंचपात्री हे खरे. परंतु समुद्राशेजारी राहणाऱ्यासही प्रवासास निघताना पाण्याचा तांब्या बरोबर घ्यावा लागतो. तारेने येणारी वीज तार जाईल तेथवरच जाते. डोंगरावरील बिनतारी मनोरा, सीमेवरील पहारा, हवामानाची नोंद ठेवणारे एकाकी यंत्र, पाण्याखालची पाणबुडी, या ठिकाणी वीज बरोबर न्यावी लागते. योगायोग असा की, ज्या १९६९ साली तारापूरचे केंद्र सुरू झाले, त्याच वर्षी जुलैत चंद्राकडे गेलेल्या अपोलो यानाची वीज इंधनघटांतून येत होती, आणि त्या घटांत तयार होणारे पाणी आतील वीर पीत होते.

इंधनघट ही काही आजची कल्पना नाही. विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्श विद्वानाने १८३९ साली हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू प्लॅटिनमच्या पट्ट्यांशी भिडवून वीज काढून दाखविली होती. विजेने पाण्याचे दोन वायू होतात हे तेव्हा सर्वांस ठाऊक होते; हे दोन वायू पुन्हा एकत्र आले तर दिलेली वीज परत का मिळू नये, एवढाच त्याचा सरळ प्रश्न. उत्तम संशोधनाचा आरंभ पुष्कळदा असल्या शाळकरी प्रश्नात असतो, हे आम्ही अनेक वर्षे फळ्यापुढे उभे राहून पाहिले आहे.

आता मिथेनॉलचा घट कसा चालतो ते सांगतो. मिथेनॉल जाळले तर हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी होते आणि उष्णता निघते. या संयोगात मिथेनॉलच्या रेणूकडून ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन जातात. परंतु ज्वालेत ते इतके जवळच्या वाटेने जातात की, त्यांच्याकडून काही काम करून घेण्यास सवड मिळत नाही. इंधनघटात या दोन पक्षांच्या मध्ये एक पडदा घालतात. पडद्याच्या एका अंगास मिथेनॉल व पाणी, दुसऱ्या अंगास हवा. पडदा असा की त्यातून प्रोटॉन जाऊ शकतात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. मग इलेक्ट्रॉनांस बाहेरच्या तारेने वळसा घेऊन पलीकडे जावे लागते, आणि त्या वळशावर आपण आपला दिवा बसवितो. मिथेनॉलचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूशी मिळून सहा इलेक्ट्रॉन देतो. हायड्रोजनचा रेणू दोनच देतो. शिवाय हायड्रोजन भरावयास शेकडो पट दाबाची टाकी लागते, मिथेनॉल साध्या डब्यात राहते. या घटाचे सारे आकर्षण एवढ्यात आहे.

परंतु मिथेनॉल आपले सहा इलेक्ट्रॉन सुखासुखी देत नाही. साध्या धातूच्या पट्टीवर ते नुसते स्वस्थ पडून राहते. त्यास उद्युक्त करणारा कोणी तरी लागतो, आणि तोच उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय हे सांगताना मुलांस विरजणाचा दृष्टांत देण्याची रीत आहे. थोडेसे विरजण पातेलेभर दुधाचे दही करते, हे दिसावयास सारखे. पण दृष्टांत सदोष आहे. विरजणातील जंतू वाढतात, दूध खातात, आणि उद्याच्या दुधासाठी आजच्याच दह्यातून विरजण निघते. उत्प्रेरक वाढत नाही आणि खर्चही होत नाही. त्याहून लग्न जुळविणारा मध्यस्थ बरा. तो दोन्ही घरी जातो, बोलणी सोपी करतो, लग्न लागते, आणि मध्यस्थ जसा आला तसा दुसऱ्या स्थळाच्या शोधात बाहेर पडतो. जे लग्न मुळातच होणारे नाही ते तो लावू शकत नाही. जे दहा वर्षांनी झाले असते ते तो दहा दिवसांत लावतो. हंफ्रे डेव्हीने १८१७ साली पाहिले की, प्लॅटिनमची तप्त तार ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली असता ज्योत नसतानाही लाल राहते. १८२३ साली येना येथील डोबेरायनर याने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनची धार सोडून ती आपोआप पेटविली, आणि त्या युक्तीचा दिवा काड्यापेटीच्या आधी युरोपात घरोघर गेला. या मध्यस्थीस 'कॅटॅलिसिस' हे नाव १८३५ साली बर्झेलियसने दिले.

प्लॅटिनम हे नाव मूळ स्पॅनिश. चांदीसाठी त्या भाषेत जो शब्द आहे त्याचे ते लघुत्वदर्शक रूप. आपण 'चांदुली' म्हणावे तसे. दक्षिण अमेरिकेत सोने धुताना हे पांढरे दाणे मध्ये येत आणि वितळेनात, म्हणून त्यांस हलके लेखून हे नाव दिले गेले. आज ही चांदुली चांदीहून कितीतरी महाग आहे, आणि जगातील तिचा बहुतेक पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो. तेव्हा प्रश्न असा पडतो की, इतक्या महाग धातूचे काम थोडक्या धातूत कसे भागवावे.

येथे थोडे अंकगणित करू. जुन्या सराफी वजनातील एक मासा म्हणजे आठ गुंजा, जवळजवळ एक ग्रॅम. प्लॅटिनम अत्यंत जड असल्यामुळे एका ग्रॅमचा चौकोनी ठोकळा केला तर त्याची बाजू साडेतीन मिलिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी भरते. त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून पाऊण चौरस सेंटिमीटर, करंगळीच्या नखाइतके. मिथेनॉलशी गाठ पडते ती या पृष्ठभागाची. आतले सारे प्लॅटिनम तिजोरीतल्या दागिन्यासारखे निरुपयोगी. आता हाच मासा तीन नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत वाटून टाकला तर? नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. अशा गोळ्यांचे एकूण क्षेत्रफळ नव्वद चौरस मीटरांहून अधिक येते. नखाएवढी जागा होती तिचे सुमारे हजार चौरस फुटांचे बिऱ्हाड झाले! एकेका गोळीत प्लॅटिनमचे नऊशे-हजार अणू असतात आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पृष्ठभागावर, म्हणजे कामावर असतात. गणिताची आवड असलेल्या मुलांनी प्लॅटिनमची घनता २१.४५ धरून हा हिशेब घरी करून पाहावा. घनतेला व्यासाने गुणावे आणि त्या गुणाकाराने सहास भागावे, एवढेच सूत्र आहे.

परंतु हे गोळे एकत्र ठेवले तर एकमेकांस चिकटून पुन्हा ढेकूळ होईल. म्हणून त्यांस बसावयास स्वतंत्र बैठक पाहिजे. ती स्वस्त हवी, आम्लात न विरघळणारी हवी, विस्तीर्ण हवी, आणि मुख्य म्हणजे तिच्यातून वीज वाहावी. नाही तर कणाने मिळविलेला इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकून पडेल. या चारही अटी पुरविणारी वस्तू कोणती म्हणाल तर काजळी.

आजीबाईंच्या काजळाची आणि या काजळीची जात एक आहे. तेल पुरेशा हवेवाचून जळू दिले की कार्बनचे कण ज्योतीतून सुटून वर बसतात. आपल्या घरी दिव्यावर तांब्याचे भांडे उपडे धरून ते जमा करीत. कारखान्यात बंद भट्टीत तेल फवारून हेच करतात, आणि मोटारीच्या टायरांचा काळा रंग त्यातूनच येतो. इंधनघटासाठी जी काजळी फार दिवस वापरात आहे तिच्या एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस मीटर असते. तिचे कण एकमेकांस साखळीने जोडलेले असल्यामुळे वीज एका टोकापासून दुसऱ्या टोकास जाऊ शकते. नारळाच्या करवंटीच्या ज्या कोळशाने आपण पाणी गाळतो, त्याचे क्षेत्रफळ याहून मोठे. परंतु त्याची भोके फार अरुंद आणि वीज वाहण्यास तो मंद, म्हणून तो या कामी तसाच्या तसा चालत नाही.

आता कण बसवितात कसे? प्लॅटिनम अम्लराजात विरघळवितात. आमच्या सराफ वाचकांस हे अम्ल परिचयाचे आहे. सोने विरघळविणारे तेच. त्यापासून निघालेल्या नारिंगी-तांबड्या क्षाराच्या पाण्यात काजळी कालवितात, ती नीट भिजू देतात, आणि मग एखादे क्षपणकारक द्रव्य हळूहळू घालतात, म्हणजे धातू पुन्हा धातुरूपात येऊन काजळीच्या अंगावर जागोजाग बसतो. ऐकावयास सोपे, पण द्रव्य घाईने घातले, पाणी फार तापले, वा आम्लता किंचित बदलली की कण मोठे होतात, किंवा एके ठिकाणी गर्दी आणि दुसरीकडे मोकळे रान अशी गत होते. मग ती काळी पूड गाळून, धुऊन, वाळवून तिच्यात पडद्याच्याच जातीच्या पदार्थाचे द्रावण घालून खूप घोटतात. या घोटलेल्या काळ्या द्रवास प्रयोगशाळेत शाई असेच म्हणतात! ही शाई कार्बनच्या कागदावर किंवा थेट पडद्यावर सारखी पसरावयाची, की घटाचे अग्र तयार झाले.

जुन्या पोथ्या लिहिणारे काजळी व बाभळीचा डिंक खलात दिवसेंदिवस घोटून शाई करीत. डिंकाचे काम दुहेरी असे. कणांस पाण्यात वेगळे ठेवावयाचे आणि वाळल्यावर कागदास धरून ठेवावयाचे. घटाच्या शाईतील डिंकाचे कामही तेच आहे; त्यात प्रोटॉनांना वाट देण्याचे तिसरे काम मिळाले. डिंक अधिक झाला तर कण बुजतात, उणा पडला तर शाई खरवडून निघते. ज्या घरात कोणी बोरूची शाई केली असेल, त्या घराला या संशोधनातील अर्धी अडचण सांगावी लागू नये.

याच ठिकाणी एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हल्ली व्याख्यानांतून ऐकू येते की, आपल्या रसशास्त्रातील कज्जली आणि भस्मे ही सारी नॅनोविद्याच होती. पारा व गंधक यांची कज्जली फार बारीक खलावी लागे आणि भस्म बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे अशी कसोटी होती, हे खरे, आणि त्या खलणाऱ्या हातांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु बोटावरील दोन रेषांमधील खाच ही तीन नॅनोमीटरच्या कणापेक्षा सुमारे लाख पटीने रुंद असते. पूर्वजांस जे ठाऊक होते त्याचा अभिमान धरावा. जे पाहण्याची साधनेच त्यांच्यापाशी नव्हती ते त्यांच्या नावावर मांडून त्यांची शोभा वाढत नाही.

असो. एवढी सिद्धता झाली तरी प्लॅटिनमपुढे एक संकट उभे राहते, आणि पालघरच्या मुलीला ज्या विषयावर काम करावयाचे त्याचा गाभा तेथेच आहे. मिथेनॉलचा रेणू प्लॅटिनमवर उतरला की त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि शेवटी कार्बन मोनॉक्साइड उरतो. हा वायू प्लॅटिनमला असा घट्ट बिलगतो की दुसऱ्या रेणूस जागाच उरत नाही. हिवाळ्यात खोलीची दारे लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवल्यामुळे माणसे झोपेतच गेल्याच्या वार्ता आपण वाचतो. तेथे हाच वायू रक्तातील लोहाला बिलगून प्राणवायूची जागा अडवितो. माणसाचा आणि प्लॅटिनमचा घात करणारे विष एकच आहे.

यावर तोड अशी निघाली की, प्लॅटिनमच्या शेजारी रुथेनियम नावाच्या दुसऱ्या धातूचे अणू बसवावे. रुथेनियम १८४४ साली रशियात सापडला आणि त्याचे नावही त्या देशावरूनच पडले. त्याचा गुण असा की, तो पाण्याचा रेणू सहज फोडतो आणि त्यातील ऑक्सिजनचा भाग शेजारच्या प्लॅटिनमवर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला देतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो निघून जातो व जागा मोकळी होते. एकाने पाहुण्यास उतरवून घ्यावे आणि दुसऱ्याने त्याच्या निरोपाची तयारी करावी, अशी ही दोघांची वाटणी आहे. जपानमधील वातानाबे आणि मोतो या दोघांनी १९७५ साली ही उपपत्ती मांडली, आणि आजही मिथेनॉलच्या घटात इंधनाकडच्या अंगास बहुधा हीच जोडी असते.

तरीही हा घट आपल्या माजघरात का आला नाही, हे सांगणे प्राप्त आहे. पहिले कारण असे की, मिथेनॉल पाण्यात पूर्णपणे मिसळते, आणि पडदा पाण्याने भिजलेला असल्यामुळे ते पडद्यातूनच पलीकडे झिरपते. पलीकडे ते हवेशी भेटून फुकट जळते आणि तेथील प्लॅटिनमही बिघडविते. म्हणून मिथेनॉल फार पातळ करून, शंभरात तीन ते सहा भाग एवढेच, घटात सोडावे लागते. गणिताप्रमाणे एका घटाचा दाब १.२ व्होल्ट यावा. काम करताना तो ०.३ ते ०.५ व्होल्टच मिळतो. दुसरे कारण खर्चाचे. हायड्रोजनच्या घटास लागते त्याच्या कितीतरी पट धातू येथे लागतो. दर चौरस सेंटिमीटरला दोन ते चार मिलिग्रॅम. तिसरे कारण झिजेचे. रुथेनियम हळूहळू विरघळतो, काजळी स्वतःच ऑक्सिजनशी संयोग पावून झडते, लहान कण विरघळून मोठ्या कणांवर जाऊन बसतात, आणि पाहता पाहता तीन नॅनोमीटरचे सहा नॅनोमीटर होतात. मघाचे सूत्र लावून पाहा. बिऱ्हाड निम्म्यावर येते.

जपानातील तोशिबा कंपनीने २००९ च्या ऑक्टोबरात खिशातील दूरध्वनीस वीज देणारा मिथेनॉलचा घट विक्रीस काढला. पण तो अवघा तीन हजार नगांचा होता. जर्मनीतील एसएफसी ही कंपनी मात्र या व्यवसायात टिकली आहे. तिच्या घटास एक युनिट विजेसाठी सुमारे ०.९ लिटर मिथेनॉल लागते. मिथेनॉलमध्ये दर लिटरला जवळजवळ साडेचार युनिट ऊर्जा असते, तेव्हा चौथाई हाती येते आणि तीन चतुर्थांश उष्णतेत जाते. हा हिशेब फारसा उज्ज्वल नव्हे. पण तेवढ्याच वजनाच्या लिथियमच्या बॅटरीत युनिटाचा पाचवा हिस्सा मावणेही कठीण, आणि ती संपली की भरावयास तार पाहिजे. पाठीवर ओझे घेऊन बर्फात चढणाऱ्या शिपायास हा फरक अंकगणितावाचून समजतो.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे काम होते आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. पालघरहून फार दूर नाही अशा अंबरनाथला नौदलाच्या उपयोगाच्या पदार्थांचे संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिने फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट सिद्ध केला असून पाणबुडीने वर न येता पाण्याखाली अधिक काळ राहावे यासाठी त्याची जमिनीवरील चाचणी मार्च २०२१ मध्ये पार पडली. त्या घटातही प्लॅटिनम काजळीवरच बसविलेले असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एका खासगी कंपनीच्या जोडीने हायड्रोजनच्या घटावर चालणारी मोटार २०२० साली चालवून दाखविली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच तशा प्रवासी बसचे अनावरण झाले. मिथेनॉलच्या घटावर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि तमिळनाडूतील कारैकुडीची विद्युतरसायन संस्था यांत अनेक वर्षे काम झाले आहे.

तेव्हा नातीने यात पडावे काय? आमचे मत विचाराल तर अवश्य पडावे. मात्र उद्या गावोगाव मिथेनॉलचे दिवे लागतील अशा आशेने नव्हे. ते बहुधा लागणार नाहीत. परंतु काजळीवर धातूचे कण सारखे बसविण्याची हातोटी ज्याला आली, त्याला केवळ घटाचेच दार उघडे होते असे नाही. औषधांच्या कारखान्यात हायड्रोजन जोडण्यासाठी कोळशावर बसविलेले पॅलेडियम लागते, मोटारीच्या धुराड्यात विषारी वायू शमविण्यास प्लॅटिनम लागते. बोईसरची वसाहत तर रंग, औषधे व त्यांची अर्धसिद्ध द्रव्ये यांवरच उभी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, त्यात तारापूरचा क्रमांक पहिला लागला. किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या परिषदेला आपल्या समुद्रासाठी हरित लवादाकडे जावे लागले. चांगला उत्प्रेरक म्हणजे कमी टाकाऊ द्रव्य. ज्या प्रक्रियेत पूर्वी लोखंडाचा कीस आणि आम्ल घालून काळ्या गाळाचे ढीग उरत, तेथे पॅलेडियमच्या पुडीने केवळ पाणी उरते. ही विद्या आपल्याच जिल्ह्यातल्या कोणी शिकावी, यात गैर काय?

मिथेनॉलने हवा स्वच्छ होते असे जे सांगतात त्यांस मात्र एक प्रश्न विचारावा: ते आले कोठून? आज जगातील बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळसा यांपासून होते. मुंबईत तुर्भ्याला राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात ते निघत आले आहे, पण देशाची गरज मुख्यतः परदेशातून येणाऱ्या मालानेच भागते. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करणारा एक कारखाना आइसलँडमध्ये २०१२ साली सुरू झाला आणि त्यास नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या जॉर्ज ओला यांचे नाव देण्यात आले. ओला आणि बंगळूरचे जन्मलेले डॉ. सूर्य प्रकाश यांचा अमेरिकेत १९९० च्या सुमारास मिथेनॉलच्या घटाच्या घडणीत मोठा वाटा होता. त्या मार्गाने मिथेनॉल स्वस्त झाले तर सारा हिशेब बदलेल.

आता तिसरा प्रश्न, विषाचा. यावर मात्र आम्ही स्पष्टच लिहितो, कारण बोईसर-पालघरच्या वाचकांशी याचा रोजचा संबंध आहे.

प्रयोगशाळेत धोका आहे, पण तो ओळखीचा आहे. कोरडे प्लॅटिनम वा पॅलेडियम बसविलेली काजळी हवेत असताना तिच्यावर मिथेनॉल ओतले तर ते क्षणात पेट घेते. घटातील क्रियाच ही, फक्त पडदा नाही आणि लगाम नाही. म्हणून अशी पूड नेहमी पाण्याने ओली ठेवतात, गाळणीवर कोरडी होऊ देत नाहीत, आणि मिथेनॉल घालावयाचे तर आधी नायट्रोजनने हवा हाकलून लावतात. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, हेही ध्यानात असावे. जी मुलगी हे नियम पहिल्या दिवशी विचारून घेईल तिची चिंता घरच्यांनी करू नये. जेथे हे नियम कोणी सांगत नाही ती प्रयोगशाळा मात्र तिने घेऊ नये.

खरा धोका प्रयोगशाळेबाहेर आहे. औद्योगिक वसाहतीच्या आसपास रिकामी पिंपे व डबे स्वस्तात मिळतात, आणि पाण्याच्या टंचाईत ते घरी आणले जातात. ज्यात कोणते रसायन होते हे सांगता येत नाही, असे पिंप धुणे-भांड्यांच्या पाण्यालासुद्धा घेऊ नये. घरी कामास येणाऱ्या बायकांनाही हे समजावून सांगावे, कारण असली पिंपे त्यांच्या वस्तीतच अधिक जातात. मिथेनॉलला दारूसारखाच वास येतो आणि चवीने ते ओळखता येत नाही. मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती.

पोटात गेलेल्या मिथेनॉलचे काय होते, हे घटाच्या तुलनेने चांगले उमजते. प्लॅटिनम-रुथेनियमवर मिथेनॉल शेवटच्या पायरीपर्यंत, कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचते. यकृतातही उत्प्रेरकच हे काम करतात, पण ते मिथेनॉलचे प्रथम फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक आम्ल करतात, आणि तेथे गाडी अडते. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगीच्या डंखातले आम्ल. ते शरीरातून फार सावकाश निघते, रक्त आम्लधर्मी करते आणि डोळ्यांच्या नसांवर प्रथम घाव घालते. दहा मिलिलिटर म्हणजे दोन चमचे मिथेनॉलनेही दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत.

यातील कपट असे की, लक्षणे लगेच दिसत नाहीत. बारा ते चोवीस तास माणूस थोडा गुंगीत असतो, एवढेच. बरोबर साधी दारूही घेतली असेल तर याहूनही उशीर लागतो. मग डोके दुखू लागते, ओकाऱ्या होतात, श्वास जोराने चालतो, आणि रोगी म्हणतो की धुके पडल्यासारखे दिसते. त्या वेळेपर्यंत थांबू नये. मिथेनॉल पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी, माणूस धडधाकट दिसत असला तरीही, त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय व केव्हा घेतले ते डॉक्टरांस न लपविता सांगावे. यकृतातील त्या उत्प्रेरकास अडवून धरणारे औषध रुग्णालयात देता येते, आणि झालेले विष रक्तशुद्धीच्या यंत्राने काढता येते. घरी ओकारी करविण्यात किंवा मीठ-पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. या विषात जो काही बचाव आहे तो पहिल्या काही तासांतच आहे.